जायला सांगेपर्यंत

धीरजची खोली रिकामी करायची, एवढंच काम होतं. त्यासाठी हरीश वसमतहून रेल्वेनं दिल्लीला आला, मुनिरक्याच्या मेट्रो स्टेशनातून वर निघाला आणि जानेवारीच्या धुक्यात उभं राहून त्यानं पहिल्यांदा भावाची गल्ली पाहिली. "आमच्याकडे ऊन भाड्यानं आणावं लागतं," असं धीरज फोनवर सांगायचा तेव्हा हरीशला ती थट्टा वाटायची. आता आत शिरल्यावर त्याला कळलं. दोन्ही बाजूंच्या इमारती वर चढता चढता एकमेकींकडे झुकत गेल्या होत्या. या खिडकीतून समोरच्या खिडकीत चहाचा कप देता आला असता. मधल्या फटीत काळ्या वायरींचं जाळं होतं आणि त्या जाळ्यात धुकं अडकून बसलं होतं. भर दुपारी प्रत्येक खोलीत ट्यूब जळत होती.

घरमालकीण दारातच बसली होती. समोरच्या घमेल्यात तिनं लाकडाची ढलपी पेटवली होती. हरीशकडे बघून तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"धीरज का भाई है ना? वही शकल." तिनं कमरेची किल्ली काढून दिली. "आराम से समेट ले, बेटा. संक्रांत के बाद नया लड़का आएगा. और सुन, कुर्सी मत ले जाना."

"कुर्सी आपकी है?"

"मेरी काहे की? कमरे की है. धीरज से पहले वाले के टाइम भी थी, उससे पहले वाले के भी. कौन लाया, पता नहीं." आणि ती पुन्हा विस्तवाकडे वळली.

धीरज ऑक्टोबरात गेला होता. ताप आला, रक्तातल्या पेशी उतरत गेल्या आणि हरीश तिकीट काढून गाडीत बसेपर्यंत सगळं आटोपलं. त्या वेळी तो दवाखान्यातून परस्पर दादाचा देह घेऊन गावी परतला. खोलीचं कुणाला सुचलंच नाही. नंतर निकाल लागला. वर्षानुवर्षं जी परीक्षा धीरज देत होता, तिची लेखी तो पास झाला होता. मुलाखतीला बोलावणं होतं. फोनवर ते ऐकून आई सवयीनं साखरेचा डबा घेऊन बाहेर आली, चिमूटभर साखर हातात घेतली आणि ती कुणाच्या तोंडात घालायची ते न कळून तशीच उभी राहिली.

त्या दिवसापासून हरीशच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हे सगळं कशासाठी होतं? बाबा गेले तेव्हा घरात एकानंच शिकायचं ठरलं. हरीश आठवीत होता. "दादा हुशार आहे, दादा शिकेल," असं तोच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी नांदेड रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात जाऊन उभा राहिला. तेव्हापासून त्याचे हात काळे होते ते काळेच. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं, कारण दादाचं आयुष्य हे त्याचंही आयुष्य होतं, फक्त ते दूर दिल्लीत चाललं होतं. दहाव्याला एक चुलतमामा म्हणाला, "पोरगं वाया गेलं रे." हरीशनं त्याला घाटावरच ढकललं. दोघांना चौघांनी आवरलं. पण तो शब्द काही आवरला गेला नाही. दादा वाया गेला असेल, तर मग त्याच्या पायी आपणही गेलो. एवढं साधं गणित त्याला येत होतं.

जिन्यात शेजारच्या खोलीतला वेदांत भेटला. परभणीचा, चष्मेवाला, अंगावर दोन स्वेटर. निकालाचा फोन त्यानंच केला होता.

"तू हुबेहूब दादा आहेस यार," तो म्हणाला. "फक्त दादाला दंड नव्हते."

"टायर उचलून होतात."

"पुस्तकं उचलून होत असते ना, तर मी आत्ता कुस्ती खेळत असतो."

दोघं कसनुसं हसले आणि त्यांनी कुलूप काढलं. खोलीत कोंदट गारवा होता. ओल, जुनी वर्तमानपत्रं, आणि कुठेतरी धीरजच्या खोबरेल तेलाचा वास. एक पलंग, एक शेगडी, भिंतीवर नकाशा. दाराच्या मागे खिळ्याला हँगर, त्यावर इस्त्री केलेला पांढरा शर्ट. खिडकीशी एक लाकडी खुर्ची होती. जुन्या कचेरीत असते तशी, हातांची, वेताच्या बैठकीची. पाठीवर कधीकाळी पांढऱ्या रंगात घातलेला नंबर होता, तो पुसट झाला होता. तिच्यासमोर हातभर अंतरावर लाल प्लास्टिकचं स्टूल.

"ही बोर्डाची," वेदांत खुर्चीकडे बोट करून म्हणाला. "आणि स्टूल कँडिडेटचं. आम्ही मुलाखतीची प्रॅक्टिस करायचो ना, मॉक. मी चेअरमन, दादा कँडिडेट. दादा एरवीसुद्धा या खुर्चीत कधी बसला नाही. अभ्यास पलंगावर, जेवण पलंगावर. म्हणायचा, ती जागा आपली नाही."

"काय करायचे म्हणजे नक्की?"

"नाटकच रे. आधी बाहेर जायचं. टकटक करायची. आत येऊ का विचारायचं. बोलावल्याशिवाय यायचं नाही, सांगितल्याशिवाय बसायचं नाही. उत्तर येत नसेल तर सरळ म्हणायचं, माहीत नाही, सर. ठोकून द्यायचं नाही. आणि चेअरमननं 'आता तुम्ही जाऊ शकता' म्हटल्याशिवाय उठायचं नाही." वेदांतनं चष्मा पुसला. "एकदा मी दादाला बसवून खाली चहा आणायला गेलो. पोरं भेटली, गप्पांत विसरलो. किती वेळानं आलो तर हा तसाच बसलेला, मांड्यांवर हात ठेवून. मी म्हटलं, वेडा आहेस का? तर म्हणतो, तू जायला कुठे सांगितलंस?"

हरीशला हसू आलं. "अडायचा कुठे तो?"

"एकाच प्रश्नाला. नद्या विचार, कायदे विचार, घडाघडा. पण 'तुम्हाला हे कशासाठी करायचंय' म्हटलं की..." वेदांत थांबला. "उत्तरं पाठ होती रे. गाव, शाळा, सेवा. अर्ध्यात स्वतःच थांबायचा. म्हणायचा, हे खोटं वाटतंय, पुन्हा घेऊ. मग बाहेर जाऊन पुन्हा टकटक."

एवढं सांगून तो लायब्ररीत गेला. संध्याकाळी येऊन खोकी बांधायला मदत करतो म्हणाला.

हरीशनं भांडी पोत्यात भरली, पुस्तकं खोक्यांत रचली. शर्टाला काही त्याचा हात लागेना. तो हँगरवरच राहिला. गल्लीतून भाजीवाल्याची आरोळी वर येत होती, मग तीही थांबली. धुकं इतकं दाटलं की समोरची खिडकी दिसेनाशी झाली आणि ट्यूबचा उजेड पिवळट होऊन भिंतींपाशीच विरायला लागला. पाठ दुखत होती. त्याची नजर पुन्हा पुन्हा खुर्चीकडे जात होती. ज्या जागेसाठी दादानं जन्म घालवला त्या जागेसमोर तो स्टुलावर बसत होता, मुकाट, मांड्यांवर हात ठेवून. हरीशची कानशिलं तापली. काय असतं असं त्या खुर्चीत? त्यानं हातातलं खोकं आदळलं आणि तो सरळ जाऊन खुर्चीत बसला.

वेत करकरला. बैठक गार असेल असं त्याला वाटलं होतं. ती कोमट होती.

आणि दारावर टकटक झाली.

मोजून केल्यासारखी, बेतानं. वेदांत परत आला असेल म्हणून हरीश काहीच बोलला नाही. मग बाहेरून आवाज आला.

"मे आय कम इन, सर?"

हरीशच्या अंगावर सरसरून काटा आला. आवाज ओळखीचा होता. गळ्यापर्यंत बटण लावलेला, घसा साफ करून घेतलेला, तरी ओळखीचा. त्याच्या तोंडून विचार न करताच निघून गेलं, "ये..."

दार आत ढकललं गेलं. जिन्यात धुकं होतं, बाकी कुणी नव्हतं. पावलं मात्र आत आली. त्यांच्याबरोबर ताज्या इस्त्रीचा वास आला, कोळशाच्या इस्त्रीचा, किंचित करपलेल्या सुताचा. दाराच्या मागे खिळ्यावर नुसता हँगर हलत होता.

"थँक यू, सर. मी बसू शकतो का?"

"दादा..." हरीश पुटपुटला. "बस ना... बस."

त्याच्या डोळ्यांदेखत लाल स्टुलाचे पाय सावकाश फाकले. कुणाचं तरी वजन पडल्यावर फाकतात तसे. आणि फाकलेलेच राहिले.

"दादा, मी हऱ्या."

नुसता श्वास, मोजका. परीक्षेला बसलेल्या माणसाचा.

हरीशला तिथून पळावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी हात पुढे करून चाचपावंसंही वाटत होतं. त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. मग वसमतपासून उराशी धरून आणलेला प्रश्न त्यानं विचारून टाकला.

"तुला हे... कशासाठी करायचं होतं?"

खाली कुणाच्या तरी रेडिओवर काहीतरी लागलं आणि बंद झालं.

"माफ करा, सर. मला माहीत नाही."

"माहीत नाही?" हरीशचा आवाज चढला. "मी शाळा सोडली दादा. आईनं रात्रंदिवस शिवणाची मशीन चालवली. आणि तुला माहीतच नाही?"

"नाही, सर." स्वरात दुःख नव्हतं, ओशाळेपणा नव्हता. होता तो फक्त अदब. "आपण दुसरा प्रश्न विचारावा."

जन्मात ज्यानं त्याला हऱ्यावाचून दुसरी हाक मारली नव्हती, तो त्याला आपण म्हणत होता.

"मी कोण आहे?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"आपण बोर्ड आहात, सर."

हरीश उठला. खोकी तुडवत, भिंतीला घासत तो जिन्यावरून धावत सुटला आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी येऊन थांबला. तिथे वेदांत लायब्ररीतून परतताना ग्लास हातात धरून उभा होता. हरीशचा चेहरा बघून त्यानं ग्लास खाली ठेवला. हरीशनं तुटक तुटक सांगितलं. वेदांत हसला नाही, वेडा आहेस असंही म्हणाला नाही.

"तू खुर्चीत बसला होतास?"

"हो."

"आणि ये म्हणालास." वेदांतनं गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. "निकाल लागल्यापासून आम्हाला ऐकू येतंय, यार. दुपारी. बाहेरून टकटक होते. आत उत्तर द्यायला कुणी नसतं. तो जरा वेळ थांबतो, मग पावलं जिना उतरतात. आम्ही एकमेकांत बोलायचं नाही असं ठरवलंय. बस, एवढंच होतं."

"मग आता?"

"त्याला जायला सांगितलंस?"

हरीशनं नकारार्थी मान हलवली.

"मग तो बसलाय अजून," वेदांत म्हणाला. "आणि बसूनच राहील. दादाला तू ओळखतोस."

टपरीवाल्यानं दुसरा चहा पुढे केला. तो कुणीच उचलला नाही. हरीशच्या मनात एक वेडा विचार आला. नको सांगायला. ही खोली आपणच घ्यायची, दिल्लीत कुठेही टायर असतातच. रोज दुपारी जाऊन खुर्चीत बसायचं. समोर दादा असेल. दिसणार नाही, ओळखणार नाही, पण असेल. मग त्याला ते फाकलेले पाय आठवले. एका माणसाला कायमचं स्टुलावर बसवून ठेवायचं, आपल्याला करमत नाही म्हणून... संक्रांतीनंतर नवा मुलगा येणार होता. तो त्या स्टुलावर सामान ठेवेल.

"मी येऊ?" वेदांतनं विचारलं.

"नको. तो माझा भाऊ आहे."

तो वर आला तेव्हा दिवस मावळत होता. खोलीचं दार सताड उघडं होतं. इस्त्रीचा वास तसाच होता आणि स्टुलाचे पायही तसेच फाकलेले होते. जायला सांगायचं तर बोर्डानंच सांगायला हवं. हरीश पुन्हा खुर्चीत बसला. बैठक आता मघापेक्षाही उबदार होती, जणू आत्ताच कुणीतरी उठून जागा दिली होती.

"आता..." त्यानं सुरुवात केली. पुढचे शब्द निघेनात. घरातून निघणाऱ्याला आई कधी 'जा' म्हणत नसे. तो शब्द त्यांच्या घरात कुणी निघताना बोलला जात नव्हता. हरीशनं डोळे मिटले.

"दादा, तुला माहीत नसेल. मला एक माहीत आहे. सांगू?"

श्वास ऐकू येत होता.

"आपला संडास परसात होता. पत्र्याचा, दिवा नसलेला. अंधार पडला की मी आत जायला भीतीनं मरायचो. कोपऱ्यात काहीतरी बसलंय म्हणून रडायचो. मग तू बाहेर उभा राहून पाढे म्हणायचास. बे एके बे. थंडी असो, पाऊस असो, तुझी परीक्षा असो. पाढा संपायच्या आत मी बाहेर यायचो." त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यानं ते पुसलं नाही. "तेव्हा तू कशासाठी उभा राहायचास? तेवढं सांग."

समोरच्या इमारतीत कुणीतरी दिवा लावला आणि धुकं फिकट उजळलं. मग स्टुलावरून आवाज आला. बटण सुटलेला. त्यातली इस्त्री मोडली होती.

"तू घाबरायचास म्हणून, हऱ्या."

हरीशनं ओठ दाबून धरले. आईला जाऊन हे सांगायचं, त्याला वाटलं. चुलतमामालाही. माणूस एवढ्यासाठी जगला तरी तो वाया जात नाही, एवढं तरी आपण छातीठोक सांगू शकतो. त्यानं पाठ ताठ केली, हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि वेदांतनं सांगितलं होतं तसंच, अक्षर न चुकवता म्हणाला,

"आता तुम्ही जाऊ शकता."

टक्. स्टुलाचे पाय जवळ आले. पावलं दाराकडे गेली. दार हलक्या हातानं ओढून घेतलं गेलं, आतल्याची झोप मोडू नये असं. खोलीत शांतता पसरली आणि हरीशच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. आता दादा जिना उतरेल, गल्लीतून बाहेर पडेल, मोकळा होईल. तो कान देऊन पावलांची वाट बघत बसला.

पावलं उतरली नाहीत.

दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी हळू आवाजात म्हणायला लागलं.

"बे एके बे... बे दुणे चार..."

हरीश रडता रडता हसला. तसाच सूर. परसातला, पोरसवदा, थंडीनं किंचित कापणारा. 'चार' म्हणताना जरासा रेंगाळणारा. तो मान मागे टेकवून ऐकत राहिला. बे त्रिक सहा. बे चोक आठ. कितीतरी वर्षांनी त्याला निर्धास्त वाटलं.

मग त्याला एक गोष्ट आठवली आणि त्याचं हसू ओठांवरच थिजलं. कोपऱ्यात काहीतरी बसलंय म्हणून तो रडायचा तेव्हा आई म्हणायची, काही नाही रे तिथे. शेजारणी म्हणायच्या, काही नाही. धीरज तसं कधीच म्हणाला नव्हता. एकदाही नाही. तो फक्त बाहेर उभा राहून पाढे म्हणायचा, आणि पाढा संपायच्या आत बाहेर ये म्हणायचा.

"बे नवे अठरा... बे दाहे वीस."

पाढा संपला. हरीशनं उठायला जोर केला, पण खुर्चीतून त्याला उठता येईना. मग धीरजनं पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. या वेळी मोठ्यानं, भराभरा, श्वास न घेता, दारावर तोंड टेकवून.

हरीशच्या समोर, हातभर अंतरावर, लाल स्टुलाचे पाय सावकाश फाकायला लागले.

या वेळी दारावर टकटक झाली नव्हती. आत येऊ का, असंही कुणी विचारलं नव्हतं.